एका तोंडाच्या वायरी

नवीन जालन्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत एक वेताची टोपली आहे. पूर्वी आमच्या सौ. त्यात लसूण ठेवीत. आता त्यात वायरी असतात. थोरल्याने पुण्याहून पाठवलेल्या, धाकटीच्या लॅपटॉपच्या, कुठल्याशा प्रशिक्षणात फुकट मिळालेल्या, बाजारातून पन्नास रुपयांना आणलेल्या. सगळ्या एकमेकींत अशा गुंतलेल्या, की एक ओढावी तर चार हाती याव्यात. पूर्वी निदान तोंड पाहून वायर ओळखता येई. जाड गोल पिन जुन्या फोनची, बारीक गोल पिन त्याच्या पाठच्या भावाची, चपटी पिन त्यानंतरच्या फोनची. आता तसे राहिले नाही. निम्म्याहून अधिक वायरींना एकच तोंड आहे. लांबट, दोन्ही कडा गोल, उलटे घाला की सुलटे, बसतेच. लोक तिला 'सी पिन' म्हणतात, कोणी 'टाईप सी' म्हणतात.

तोंड सारखे म्हणजे काम सारखे, असे मी धरून चाललो होतो. माझे वय आता पंचावन्नच्या पुढे. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. झालो, आणि तेव्हापासून शेतकऱ्यांना सल्ला देण्यातच नोकरी गेली. सल्ला देणाऱ्याला एक खोड लागते. माहीत नसलेल्या गोष्टीवरही तो ठामपणे बोलतो, आणि समोरचा माणूस 'साहेब म्हणतात' म्हणून ऐकतो. त्या खोडीपायी एका माणसाचे कधीच भरून न निघणारे नुकसान होता होता राहिले. ती हकिगत सांगायची आहे. तिच्याबरोबर त्या वायरीचीही थोडी माहिती देतो, कारण ते तोंड एव्हाना तुमच्याही घरात आले असेल.

२०२४ च्या सप्टेंबरचे पहिले दोन दिवस मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला, ते तुम्हाला सांगायला नको. दुधनेच्या काठी एका गावात माझ्या जुन्या ओळखीचे एक वयस्कर शेतकरी आहेत. मी त्यांना आबा म्हणतो. त्यांची सोयाबीन आणि खालच्या अंगाची कपाशी, दोन्ही पाण्यात गेली. सोमवारी सकाळी आबांनी मांडीएवढ्या पाण्यात उभे राहून फोनवर फोटो काढले. मग गावातली लाईट गेली, पाठोपाठ रेंज गेली, आणि ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहू लागले. बुधवारी दिवेलागणीला पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून आबा माझ्या दारात आले तेव्हा त्यांच्या विजारीवर अजून गाळ होता.

त्या हंगामातल्या पीक विम्याच्या नियमाप्रमाणे नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यायची होती. पुतण्याने वाटेत रेंज लागताच फोन करून ती नोंदवली होती. पण माझा आपला कागदावर विश्वास. मी म्हणालो, "आबा, नुसत्या फोनवर राहू नका. उद्या सकाळीच लेखी अर्ज देऊ, फोटो जोडू, आणि पोच घेऊ. पाहणीला माणूस येईल तेव्हा पाणी ओसरलेले असेल. मग पाणी होते हे दाखवायचे कशाने?"

आबांना ते पटले. पुतण्या म्हणाला, व्हॉट्सॲपवर टाकतो. मी नको म्हटले. त्यावरून साधा पाठवलेला फोटो बारीक होतो, आणि फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि ठिकाणाची जी नोंद असते ती निघून जाते, एवढे मला एका प्रशिक्षणात कळले होते. म्हणून मूळ फोटो वायरीने लॅपटॉपवर घ्यायचे ठरले. मी टोपलीत हात घातला आणि सी पिनची एक वायर काढली.

वायर दोन्हीकडे झकास बसली. फोनवर बॅटरी भरत असल्याची खूण आली. लॅपटॉप मात्र मख्ख. फोन जोडलाय याची त्याला वार्ताच नाही. मी वायर उलटी करून पाहिली, तोंडे बदलून पाहिली, लॅपटॉप बंद करून चालू केला. काही नाही. मग मला आठवले, की आमची धाकटी अशाच तोंडाच्या वायरीने लॅपटॉपचे चित्र टीव्हीवर दाखवते. म्हटले, निदान फोटो टीव्हीवर मोठे करून तरी पाहू. तिची ती जाड वायर शोधली, आबांच्या फोनला लावली, दुसरे टोक टीव्हीला लावले. टीव्हीवर निळा पडदा, आणि 'सिग्नल नाही' अशी अक्षरे.

आता माझी खोड उफाळून आली. मी निदान केले, "आबा, तुमच्या फोनचा पॉईंट बिघडलाय. नाहीतर आतली यंत्रणा अडकलीय. रिसेट मारून बघू, म्हणजे फोन पहिल्यासारखा कोरा होईल आणि लॅपटॉपला दिसेल."

आबांनी मान डोलावली. मी फोनवर ते पान काढले. एक प्रश्न आला, त्याला हो म्हटले. दुसरा प्रश्न आला. माझे बोट पडद्यापासून वीतभरही नसेल. तेवढ्यात आबा म्हणाले,

"साहेब, कोरा म्हंजी त्यातले फोटूबी जात्याल का? शेताचं जाऊ द्या. आमच्या हिचे फोटू हायेत त्यात. दुसरीकडं कुठंच न्हाईत."

आबांची मंडळी त्याच उन्हाळ्यात वारली होती. मी त्यांच्या दहाव्याला गेलो होतो. माझे बोट तिथेच थांबले, आणि मंडळी, खरे सांगतो, पाठीला घाम फुटला. रिसेट म्हणजे सगळे पुसले जाते, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण घाईत आणि ठामपणाच्या भरात ते डोक्यात आलेच नाही. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, ते कोपऱ्यावरचं दुकान अजून उघडं असेल."

कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्तीचे एक टपरीवजा दुकान आहे. बारावी झालेला एक पोरगा ते चालवतो. शटर अर्धे खाली ओढलेले होते. त्याने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही, वायरीकडे पाहिले.

"ही कशासोबत आली होती, काका?"

मी आठवून सांगितले, की टेबलावरच्या छोट्या पंख्यासोबत.

"मग बरोबर. ही वायर जेवू घालती, बोलत नाही."

त्याने खणातून दुसरी वायर काढली, फोन आणि आपला संगणक जोडला, फोनवर उमटलेल्या यादीत 'फाईल ट्रान्सफर' वर बोट ठेवले, आणि पडद्यावर पाण्यातली सोयाबीन आली. शेंड्यांची फक्त रांग दिसत होती. त्याच्याखाली आणखी फोटो येत गेले. तुळशीपाशी बसलेली आबांची मंडळी, मोसंबीच्या ढिगाजवळ उभी, नातवाला मांडीवर घेतलेली. दोन मिनिटे लागली असतील. आबा काही बोलले नाहीत, उपरण्याने तोंड पुसून बाहेर जाऊन उभे राहिले.

पोराने माझी पन्नास रुपयांची वायर मागून घेतली आणि ब्लेडने मधोमध कापली. आत दोनच तारा, एक तांबडी आणि एक काळी. मग एक जुनी मोडकी वायर कापून दाखवली. तिच्यात चार तारा, तांबडी, काळी, हिरवी, पांढरी. तांबडी-काळी विजेची, हिरवी-पांढरी बोलण्याची. बाहेरून दोन्ही वायरी जुळ्या बहिणी. पंखेवाल्याला पंखा फिरवण्यापुरती वीज हवी होती, म्हणून त्याने बोलण्याच्या तारा घातल्याच नव्हत्या. त्याची त्यात काही लबाडीही म्हणता येणार नाही. चूक माझी, की मी तोंड पाहून पोट ओळखले.

त्यानंतर मी त्या दुकानात चार-सहा वेळा जाऊन बसलो, धाकटीला फोन करकरून विचारले, आणि थोडे वाचलेही. जे कळले ते माझ्या भाषेत सांगतो.

आमच्या कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा त्याच्या पाठीमागे पाहिले तर गव्हाणीसारखी भोकांची रांग. छपाई यंत्राचे रुंद तोंड पंचवीस काड्यांचे, दुसरे एक नऊ काड्यांचे, टेलिफोनचे चौकोनी, पडद्याचे निराळे. आणि दोन गोल तोंडे अगदी सारखी, एक कळफलकाचे, एक माऊसचे. ती अदलाबदल झाली की संगणक सुरू व्हायचा नाही. आमच्या शिपायाने एकदा झाडताना दोन्ही काढून पुन्हा लावली आणि दिवसभर काम बंद पडले. पुढे त्यांना रंग दिले, जांभळे कळफलकाला आणि हिरवे माऊसला. म्हणजे सारखे तोंड आणि वेगळे काम, हा घोळ त्या काळातही होताच.

ही भोकांची रांग मोडावी म्हणून १९९६ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एक सामाईक तोंड काढले. त्याचे नाव यूएसबी. पेन ड्राईव्हचे ते चौकोनी तोंड तुम्ही पाहिलेच असेल, जे पहिल्यांदा घातले की हमखास उलटे असते. ते घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट हे प्रमुख. ते गुजरातेतले, बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. ते विद्यापीठ महाराज सयाजीरावांच्या नावाचे, आणि सयाजीराव जन्माने आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचे, शेतकऱ्याघरचे. इतका लांबचा का होईना, पण त्या चौकोनी तोंडाशी आपला असा एक धागा निघतो.

मग २०१४ मध्ये हे सी तोंड आले. त्या एवढ्याशा तोंडात चोवीस बारीक पट्ट्या आहेत, बारा वर आणि बारा खाली. म्हणूनच ते उलटसुलट कसेही चालते. त्यांतल्या आठ विजेच्या, चार येणाऱ्या आणि चार परतीच्या. चार जुन्या पद्धतीच्या बोलण्याच्या. आठ वेगाने बोलण्याच्या, त्या जोडीजोडीने काम करतात म्हणजे चार वाटा झाल्या. दोन पट्ट्या नुसत्या वाटाघाटीच्या. उरलेल्या दोन किरकोळ कामांच्या. पण तोंडात चोवीस पट्ट्या दिसल्या म्हणून वायरीत किंवा फोनच्या पोटात तेवढ्या तारा असतातच असे नाही. इथेच सगळी गोम आहे.

आपण शेतकऱ्यांना हे नवीन वाटायचे कारण नाही. शेतातल्या खांबावरच्या तारा त्याच असतात. सिंगल फेज असेल तेव्हा घरातला दिवा लागतो आणि मोटार नुसती हुंकारते. थ्री फेज आली की तीच मोटार पाणी फेकते. खांबाकडे पाहून कोणाला कळते का, आत्ता काय चालू आहे?

वाटाघाटीच्या त्या दोन पट्ट्यांचे मला सगळ्यात कौतुक वाटते. साधी गोल पिन मुकी असते. एकदा मी फवारणी पंपाचा चार्जर धाकटीच्या छोट्या स्पीकरला लावला. गोल पिन तंतोतंत बसली. पंपाची बॅटरी बारा व्होल्टची, स्पीकर पाचाचा. क्षणात धूर निघाला. पिनेने विचारले नाही, स्पीकरला सांगता आले नाही. सी पिनचा बरा चार्जर असे करत नाही. समोर कोणीतरी जोडलेय हे कळल्याशिवाय तो वीज सोडतच नाही, आणि सोडतो तीही आधी पाच व्होल्टच. मग दोघांत बोलणी होतात. चार्जर आपली यादी वाचतो, माझ्याकडे पाच आहेत, नऊ आहेत, पंधरा आहेत, वीस आहेत. फोन म्हणतो, मला नऊ पुरेत. लॅपटॉप म्हणतो, मला वीस दे. ठरल्यावर मग व्होल्ट वाढतात. २०२१ पासूनच्या नियमात ही मजल ४८ व्होल्ट आणि २४० वॉटपर्यंत गेली आहे. म्हणून लॅपटॉपचा मोठा चार्जर लावला तर फोन जळेल का, असे जे सगळे विचारतात, त्याचे उत्तर असे, की चार्जर बऱ्या प्रतीचा असेल तर जळत नाही. रस्त्यावर ढिगात विकतात त्या चार्जरची हमी मी घेणार नाही.

या बोलण्यांत वायरही तिसरी असामी असते. जास्त विजेच्या वायरीत एक इवलीशी चिप बसवलेली असते. ती सांगते, मी पाच अँपिअर पेलीन. चिप नसेल तर चार्जर तीन अँपिअरच्या वर जात नाही. लॅपटॉप हळू भरतो अशी तक्रार असली, तर पुष्कळदा दोष वायरीचा असतो. काही फोन कंपन्यांची वेगाने भरण्याची आपली खास बोलीही असते. ती बोली दुसऱ्याच्या चार्जरला येत नाही. मग फोन भरतो, पण बैलगाडीच्या चालीने.

आता वेगाच्या चार वाटा. त्यांना पाटाच्या चार चाऱ्या समजा. साधारणपणे त्यांतून फायली जातात, म्हणजे फोटो आणि कागदपत्रे. पण दोन्हीकडची यंत्रे कबूल असतील तर त्यांतल्या दोन किंवा चारही चाऱ्या चित्राकडे वळवता येतात. मग त्याच तोंडातून टीव्हीचे चित्र जाते, चित्राची भाषाही निराळी असते. धाकटीच्या लॅपटॉपला ती सोय आहे. आबांच्या फोनात त्या चाऱ्या खोदलेल्याच नाहीत. तिथे फक्त जुन्या पद्धतीच्या दोन तारा तोंडापर्यंत आल्या आहेत. स्वस्तातल्या बहुतेक फोनांचे असेच असते. म्हणून त्या रात्री मी जगातली सर्वांत महाग वायर लावली असती, तरी टीव्ही निळाच राहिला असता.

वेगाचा फरकही जबर आहे. संगणकाच्या माहितीचा एक दाणा, त्याला बिट म्हणतात, असा धरला, तर २००० सालच्या पद्धतीच्या त्या दोन तारांवरून सेकंदाला जास्तीत जास्त ४८ कोटी दाणे जातात. २००८ च्या पद्धतीत ५०० कोटी. आणि २०१९ च्या यूएसबी-चार मध्ये ४,००० कोटी. तोंड मात्र एकच. धाकटीच्या लॅपटॉपला शेजारी शेजारी दोन सी तोंडे आहेत. एकापाशी कडाडत्या विजेची बारीक खूण आहे, दुसऱ्यापाशी नाही. खूण असलेले तोंड 'थंडरबोल्ट'चे. ही जात इंटेलने काढली. २०११ मध्ये ती बाजारात आली तेव्हा तिने चित्राच्या वायरीचे एक छोटे तोंड उसने घेतले होते. २०१५ मध्ये ते सोडून तिने सी तोंड धरले. पुढे यूएसबी-चारची बांधणी तिच्यावरच झाली. तिच्यात चित्र, फायली सगळे एकाच प्रवाहात गाठोडी करून जाते, जशी आपल्या एस.टी.त आत माणसे आणि टपावर पार्सले. पण त्यासाठी तोंड, वायर आणि पलीकडचे यंत्र तिन्ही त्या जातीची लागतात. एक जरी साधे निघाले, तरी सगळे साध्या चालीवर येते. कधी कधी काहीच चालत नाही.

मला यावरून आपल्या रेल्वेची आठवण होते. माझ्या लहानपणी जालन्याची गाडी मीटर गेजची होती. रुळांत एक मीटर अंतर. मुंबईची गाडी मोठ्या रुळाची, साडेपाच फुटांची. मनमाडला उतरायचे, बोचकी डोक्यावर घ्यायची, आणि दुसऱ्या फलाटावर पळायचे. मोसंबीच्या पाट्याही एका डब्यातून उतरून दुसऱ्यात चढायच्या. १९९० च्या दशकात आपल्याकडे मोठा रूळ आला आणि तो त्रास संपला. सगळीकडे एकच तोंड झाले. पण रूळ एक झाला म्हणून प्रत्येक गाडी त्यावरून धावली का? ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. त्याआधी कित्येक वर्षे रूळ तसाच होता, पण वर विजेची तार नव्हती. डिझेलच्या गाड्या धावत, विजेची धावू शकत नव्हती.

एकच तोंड असावे की नसावे, यावर मी पुष्कळ विचार केला. ट्रॅक्टरच्या पीटीओचे उदाहरण घ्या. ५४० फेऱ्यांच्या शाफ्टला सहा खाचा असतात, आणि १००० फेऱ्यांच्या शाफ्टला बारीक एकवीस. मुद्दाम तसे केले आहे, की ५४० चे अवजार चुकून १००० वर लागू नये आणि माणसाचा हात जाऊ नये. तिथे वेगळे तोंड हेच शहाणपण. वायरीच्या बाबतीत मात्र जगाने उलटी वाट धरली. युरोपातल्या देशांनी २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना सी तोंडच हवे असा कायदा लागू केला. आपल्याकडेही भारतीय मानक ब्युरोने २०२३ च्या सुरुवातीला सी तोंडाचे मानक प्रसिद्ध केले. एका चार्जरवर घर चालावे, जुन्या चार्जरांचा उकिरडा वाढू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो मला मान्य आहे. माझ्या टोपलीकडे पाहून कोणालाही मान्य होईल.

माझी तक्रार तोंडाबद्दल नाही, लेबलाबद्दल आहे. बियाण्यात जन्म गेला म्हणून असेल. जालना म्हणजे बियाण्याचे गाव. पिशवीतली सरकी पाहून कोणत्या वाणाची ते सांगणारा अजून जन्मायचा आहे. म्हणून तर १९६६ चा बियाणे कायदा आहे, म्हणून पिशवीला लेबल लागते, उगवण किती, शुद्धता किती, तारीख कोणती. वायरीला असे सक्तीचे लेबल नाही. नियम करणाऱ्या संस्थेने खुणा ठरवल्या आहेत, ६० वॉट किंवा २४० वॉट, आणि वेगाचा आकडा. प्रमाणित वायरीवर त्या छापलेल्या असतात. पण पन्नास रुपयांच्या वायरीवर काय असते? नुसते चमकते वेष्टण आणि 'फास्ट' असा एक शब्द. फास्ट काय, वीज की बोलणे, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

म्हणून घेताना एवढे विचारा, की ही नुसती चार्जिंगची आहे की डेटाची. आणि घरी आहेत त्यांची परीक्षा घ्या. फोन उघडा ठेवून वायरीने संगणकाला जोडा आणि फोनवर फाईलचा पर्याय येतो का ते पाहा. त्याच फोनवर दुसऱ्या वायरीने तो येत असेल आणि हिने येत नसेल, तर ही मुकी. माझ्यासारखे फोनवर खापर फोडू नका. आणि कोणी काहीही सांगो, अगदी कृषी खात्याचा साहेब सांगो, फोटो दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय रिसेट मारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा अर्ज गेला. झेरॉक्सच्या दुकानात काढलेले सहा रंगीत फोटो त्याला जोडले होते, प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि गट नंबर. पोच घेतली. ती आबांनी दुमडून पाकिटात ठेवली. पुढे पाहणी झाली, पैसेही आले. किती आले ते आबा सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. झालेल्या नुकसानीएवढे नसणार, एवढे त्यांच्या तोंडावरून कळते.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले. सोबत मोसंबीची पिशवी होती. मंडळीचा तुळशीपाशी बसलेला फोटो मोठा करून चौकटीत बसवायचा होता. मी टोपली काढली. ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये नर काढलेल्या कळीला लाल कागदाची पिशवी घालतात आणि परागीकरण झाल्यावर पांढरी, हे आमच्या भागातल्या बायकापोरांनाही ठाऊक आहे. तेच मी वायरींना केले. नुसत्या जेवू घालणाऱ्या वायरीला लाल दोरा, बोलणारीला पांढरा. धाकटीच्या विजेच्या खुणेच्या वायरीला पिवळा. आबांसमोर पांढऱ्या दोऱ्याची वायर काढली, फोन लावला आणि सगळे फोटो उतरवून घेतले. एक प्रत लॅपटॉपवर, एक प्रत पेन ड्राईव्हवर. पेन ड्राईव्ह आबांच्या हाती दिला. त्यांनी तो पोचेच्याच पाकिटात ठेवला.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. "साहेब, रातच्या पाण्यासाठी नवी बॅटरी घेतली. सी पिनची हाय. पण पोराच्या नव्या चार्जरवर चढतच न्हाई. दुकानदार म्हनतो बॅटरी चांगली हाय. परत करू का?"

हे मला त्या कोपऱ्यावरच्या पोराने सांगून ठेवले होते. स्वस्त वस्तूंत तोंड सी बसवतात, पण वाटाघाटीच्या पट्टीवर जो छोटासा रोध लावायला हवा तो लावत नाहीत. मग दोन्हीकडे सी असलेल्या वायरीवर नव्या चार्जरला कळतच नाही, की पलीकडे कोणी आहे. तो वीज सोडत नाही. जुना चौकोनी तोंडाचा चार्जर असे काही विचारत बसत नाही.

मी म्हणालो, "आबा, घरात जुना चार्जर आहे का, चौकोनी भोकाचा? एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला सी, अशी वायर घ्या आणि त्याच्यावर लावून बघा. परत करायची घाई करू नका."

फोन तसाच चालू ठेवून ते आत गेले. खणाचा आवाज आला, कोणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही.

"लागली बगा साहेब, लाल दिवा आला," आबा म्हणाले. "पन ह्या वायरीला दोरा कंच्या रंगाचा बांधू?"